तुमच्यात

साहेबांनी रजेचा अर्ज पुढे सरकवला,
"तुमच्यात उद्या आहे की परवा?"

भारंबे साहेब मनाने वाईट नाहीत.
भरितात शेंगदाणे असावेत की नसावेत
यावरून त्यांच्या घरात दोन चुली व्हायच्या राहिल्यात,
मामा बामणोदचे, आत्या भालोदची.
त्यांना कुणी "तुमच्यात कसं करतात?" म्हटलं
की ते आधी विचारतात, कुणाच्यात?

मलाही तेच विचारायचं होतं.

खोजेमाभाईंच्यात तर काल झालीसुद्धा.
बिजागऱ्यांच्या दुकानाला कुलूप,
पोरांच्या टोप्यांना सोनेरी काठ.
त्यांचा चांद आभाळाच्या भरवशावर नसतो,
हिशोबाने उगवतो, वर्षभर आधी छापून येतो.
एकदा त्यांनी मला थाळाला बसवलं होतं,
आठ जणी, एक थाळ,
आणि सगळ्यात आधी जिभेवर चिमूटभर मीठ.
मी शेजारणीकडे बघत बघत
हात पुढे करत होते,
परक्या लग्नात अक्षता कधी टाकायच्या
ते बघावं तसं.

जळगावच्या वसतिगृहात शाहेदा मोमीन,
धुळ्याची, मागांच्या खडखडाटात वाढलेली,
माझं 'कुराण' ऐकून हसायची.
"तुझा क तोंडातच राहतो गं, घशातून काढ."
महिनाभर गुळण्या केल्यासारखी काढत होते.
नाही निघाला.
आमच्या पाड्यावर घसा
बैल हाकारायला लागतो.

पाडा यावलच्या वर, सातपुड्याला टेकलेला.
आजाला दोनच सुरा पाठ होत्या,
झाडं मात्र सगळी.
ज्वारीचं पहिलं कणीस तो बांधावर ठेवायचा,
मग हातपाय धुऊन नमाजाला उभा राहायचा.
एका वर्षी शहरातून जमात आली.
त्यातला कोवळ्या दाढीचा एक पोरगा म्हणाला,
बाबा, हे बरोबर नाही.
आजाने त्याला ताक दिलं.
पोरगा प्याला, आणखी एक पेला मागितला.
पुढच्या सुगीला आजाने कणीस ठेवलं की नाही
ते मला आठवत नाही.
विचारायला हवं होतं.

आता त्या पोराचं वाक्य माझा भाऊ घरात बोलतो.
आई जुमेरातीला दर्ग्यावर जाते,
तो तिला मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडतो,
पुढे येत नाही.
न्यायला मात्र वेळेच्या आधी उभा असतो,
तिच्या पदरातला प्रसाद
बघितला न बघितल्यासारखा करून
गाडीला किक मारतो.
साहेब, एका मोटरसायकलवरचं हे,
कुठल्या रकान्यात लिहू?

बँकेच्या खिडकीखाली कुणाची तरी गादी उसवून
पारोळ्याचे बुढनभाई पिंजारी बसलेत.
अंगभर कापूस, भुवयांतसुद्धा.
तोंडाला रोजा, हाताला धनुकली,
मान वर न करता विचारतात,
"चांद उना का व माय?"
दुपारचे दोन वाजलेत, बुढनभाई.
"मंग काय झालं," म्हणतात,
आणि तात पुन्हा टणत्कारते.

मी अर्ज लिहिला.
नाव: जुलेखा नशीर तडवी.
दिवस: एक.
तारीख: (चांद दिसल्यावर कळवते).
कारण या शब्दापुढची जागा दीड इंच होती.
मी लिहिलं, घरगुती.

साहेबांनी सही करता करता विचारलं,
"शिरखुर्मा आणाल ना आमच्यासाठी?"
"आमच्यात गुळाच्या शेवया असतात,"
मी बोलून गेले,
आणि माझंच 'आमच्यात' माझ्या कानात खडा टाकल्यासारखं वाजलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.
"आमच्यात म्हणजे," ते म्हणाले,
"कुणाच्यात?"

काउंटरवर रांग होती.
मी खुर्ची ओढली.